तह न झालेली शांतता : जपान आणि सोव्हिएत रशिया

(शतकमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



दोन देशांमधील युद्ध संपले असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय संपलेले असते? तोफा थांबतात तो एक दिवस. युद्धस्थिती समाप्त झाल्याचे कागदावर लिहिले जाते तो दुसरा. कैदी आपापल्या घरी पोहोचतात तो तिसरा. आणि सीमेचा तंटा मिटून शांततेचा तह होतो तो चौथा. बहुतेक युद्धांत हे चारही दिवस थोड्याफार वर्षांच्या अंतराने येतात आणि इतिहासकार त्यांची एकत्र मोट बांधून मोकळा होतो. जपान आणि सोव्हिएत रशिया यांच्या बाबतीत ही मोट बांधता येत नाही. तोफा थांबल्या १९४५ च्या सप्टेंबरात. युद्धस्थिती संपली १९५६ च्या डिसेंबरात. कैद्यांची शेवटची मोठी तुकडी मायदेशी उतरली त्याच महिन्याच्या अखेरीस. चौथा दिवस मात्र अद्याप उजाडलेला नाही. आणि ज्या सोव्हिएत संघाशी तो तह व्हायचा, तो संघ तर १९९१ मध्येच इतिहासजमा झाला.

मराठी वाचकाच्या मनात जपान आणि रशिया ही जोडी आली की १९०५ साल उभे राहते. सुशिमाच्या सामुद्रधुनीत आरमारप्रमुख तोगो याने रशियाचे आरमार बुडविले, एका आशियाई राष्ट्राने युरोपीय साम्राज्याला नमविले आणि हिंदुस्थानातील एका संपूर्ण पिढीने तो विजय आपलाच मानला. त्या आनंदात गैर काही नव्हते. पण आपले लक्षही तेथेच थांबले. त्यानंतरची कथा अधिक गुंतागुंतीची आहे आणि तीत टाळ्या वाजवाव्यात असे प्रसंग फारच थोडे आहेत. ज्या करारांत मैत्री, अखंडता, तटस्थता असे भारदस्त शब्द होते ते करार या दोन देशांनी सोयीप्रमाणे पाळले आणि सोयीप्रमाणे मोडले. जे करार मासळीचे, कैद्यांचे, कबरींचे होते ते मात्र वाकले, अधूनमधून तुटले आणि पुन्हा पुन्हा सांधले गेले. आजच्या विवेचनाचे सूत्र एवढेच आहे.

सीमेचा पूर्वेतिहास थोडक्यात असा. १८५५ मध्ये शिमोदा येथे झालेल्या तहाने कुरील द्वीपमालेतील एतोरोफु बेटापर्यंत जपान आणि उरुप बेटापासून पुढे रशिया अशी रेषा ठरली. साखालिन हे मोठे बेट कोणाचे हे मोघमच ठेवले गेले. १८७५ मध्ये अदलाबदल झाली : साखालिन रशियाला, संपूर्ण कुरील माला जपानला. हे दोन्ही तह युद्धाविना झाले होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १९०५ च्या पोर्ट्स्मथच्या तहाने पन्नासाव्या अक्षांशाच्या दक्षिणेचा साखालिन जपानला मिळाला आणि त्याबरोबरच रशियन किनाऱ्यावर मासेमारी करण्याचा हक्कही मिळाला. सामान्यतः पाठ्यपुस्तकांत पहिली गोष्ट असते, दुसरी नसते. पण होक्काइदोच्या कोळ्याला दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोलाची होती.

१९१७ मध्ये रशियात क्रांती झाली आणि शेजारचा झार जाऊन शेजारी समाजवादी सत्ता आली. जपानने तिचे स्वागत कसे केले? १९१८ मध्ये इतर दोस्तराष्ट्रांसह सैबेरियात फौज उतरवून. बाकीचे देश दोन वर्षांत परतले. जपानची फौज, जी एका वेळी सत्तर हजारांच्या वर गेली होती, ती व्लादिवोस्तोकमधून १९२२ मध्ये निघाली आणि उत्तर साखालिनमधून १९२५ मध्ये. या साहसात सैनिक गेले, पैसा गेला, पदरात काही पडले नाही. मागे उरला तो संशय. सोव्हिएत राज्यकर्त्यांच्या पहिल्या पिढीने जपानला ओळखले ते असे, आणि पुढे १९४५ मध्ये त्यांनी जे केले ते तपासताना हा अनुभव बाजूला ठेवता येत नाही.

तरीही संबंध जुळले, आणि ते जुळविण्यात पुढाकार घेतला तो कोणा डाव्या विचारवंताने नव्हे. गोतो शिंपेई हा वैद्यकशास्त्र शिकलेला, फोर्मोसा आणि मांचुरियातील वसाहतींचा कारभार पाहिलेला, मुरब्बी साम्राज्यवादी प्रशासक. तोक्योचा नगराध्यक्ष असताना त्याने १९२३ मध्ये सोव्हिएत मुत्सद्दी अडॉल्फ योफे याला प्रकृतीच्या उपचाराचे निमित्त काढून जपानला बोलावले. त्यासाठी अतिराष्ट्रवाद्यांचा रोष पत्करला. साम्यवादाचे त्याला काडीचे प्रेम नव्हते. परंतु शेजारी बदलता येत नाही आणि शेजाऱ्याशी न बोलण्याची चैन फार काळ परवडत नाही, हे त्याला कळत होते. २० जानेवारी १९२५ रोजी पेकिंग येथे योशिझावा केनकिची आणि लेव काराखान यांनी करारावर सह्या केल्या. पोर्ट्स्मथचा तह कायम ठेवला गेला. मात्र त्याच्या राजकीय जबाबदारीत झारशाहीबरोबर आपला वाटा नाही, अशी पुस्ती सोव्हिएत पक्षाने जोडली. उत्तर साखालिन रिकामे करण्याच्या बदल्यात तेथील तेल आणि कोळसा काढण्याच्या सवलती जपानला मिळाल्या. १९२८ मध्ये मासेमारीचा स्वतंत्र करार झाला. आणि ज्या वर्षी मॉस्कोशी राजनैतिक संबंध जोडले, त्याच १९२५ मध्ये जपानच्या संसदेने देशांतर्गत साम्यवाद्यांना दडपण्यासाठी 'शांतता-रक्षण कायदा'ही मंजूर केला. वकिलातीचे दार उघडायचे आणि घराच्या खिडक्या बंद करायच्या, असा तो प्रकार होता.

१९३१ मध्ये जपानी सैन्याने मांचुरिया व्यापल्यावर दोन्ही देशांची सीमा एकदम हजारो किलोमीटर लांब झाली. मॉस्कोने अनाक्रमणाचा करार सुचविला. तोक्योने वर्षभर विचार करून १९३२ च्या अखेरीस तो नाकारला. १९३५ मध्ये मांचुरियातील रेल्वे सोव्हिएत संघाने १४ कोटी येनांना विकून टाकली. १९३६ मध्ये जपानने जर्मनीशी साम्यवादविरोधी करार केला. त्यानंतर सीमेवर चकमकी वाढत गेल्या आणि १९३९ च्या उन्हाळ्यात मंगोलियाच्या हद्दीवर नोमोनहान येथे उघड युद्धच पेटले. झुकॉव्हच्या रणगाड्यांपुढे जपानी सेनेचा दारुण पराभव झाला, आणि लढाई ऐन रंगात असतानाच २३ ऑगस्टला हिटलर-स्टालिन करार जाहीर झाला. आपल्याच मित्राने आपल्याच शत्रूशी, आपल्याला न विचारता हातमिळवणी केली हे पाहून युरोपातील घडामोडी आकलनापलीकडच्या आहेत असे सांगत जपानच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. परराष्ट्रनीतीचा अर्थ लागत नाही म्हणून पायउतार होणारे मंत्रिमंडळ विरळाच. प्रामाणिकपणाचे गुण मात्र त्याला द्यावे लागतील.

आता १३ एप्रिल १९४१. जपानचा परराष्ट्रमंत्री मात्सुओका योसुके बर्लिनहून परतताना मॉस्कोत थांबला आणि त्याने मोलोतोव याच्याबरोबर तटस्थतेच्या करारावर सही केली. मुदत पाच वर्षांची. एक वर्ष आधी सूचना दिली नाही तर आणखी पाच वर्षे आपोआप पुढे. एकावर तिसऱ्या देशाने हल्ला केला तर दुसऱ्याने संपूर्ण संघर्षकाळ तटस्थ राहावे, असे त्याचे सार. त्या संध्याकाळी, जो कोणाला निरोप देण्यासाठी कधी जात नसे तो स्टालिन स्वतः रेल्वे स्थानकावर आला. त्याने मात्सुओकाला मिठी मारली. आपण दोघेही आशियाईच, असे तो त्याला म्हणाल्याची नोंद आहे. दहा आठवड्यांनी जर्मनीने सोव्हिएत संघावर आक्रमण केले आणि हाच मात्सुओका, करारावरील शाई पुरती वाळली नसताना, सोव्हिएत संघावर मागून हल्ला करावा असे आग्रहाने सांगू लागला. सरकारने त्याला वगळले; पण 'विशेष कवायती'च्या नावाखाली मांचुरियातील फौज सुमारे सात लाखांपर्यंत वाढविली. जर्मनांना हवे तसे यश मिळाले असते तर ती फौज कवायतीपुरती राहिली असती असे मानण्यास आधार नाही. तात्पर्य, करार पाळला गेला तो वचनाच्या पावित्र्यामुळे नव्हे, तर दोघांनाही दुसऱ्या आघाड्यांवर हात मोकळे हवे होते म्हणून. युद्धकाळात सोव्हिएत संघाला मिळालेल्या अमेरिकी मदतीपैकी जवळपास निम्मा माल सोव्हिएत निशाणाच्या जहाजांतून, जपानच्या डोळ्यांदेखत, व्लादिवोस्तोकला उतरत होता; आणि अमेरिकेशी लढणारा जपान तो पाहत राहिला.

या कथेचा सर्वांत करुण भाग १९४५ च्या उन्हाळ्याचा आहे. फेब्रुवारीत याल्टा येथे स्टालिनने रूझवेल्ट आणि चर्चिल यांना गुप्त वचन दिले होते : जर्मनी शरण आल्यावर दोन-तीन महिन्यांत आपण जपानविरुद्ध उतरू; बदल्यात दक्षिण साखालिन आणि कुरील बेटे आपल्याला मिळावीत. ५ एप्रिलला मोलोतोवने जपानचे राजदूत सातो नाओताके यांना करार पुढे चालविणार नसल्याची सूचना दिली. कराराची पाच वर्षे तरीही १९४६ च्या एप्रिलपर्यंत चालायची होती. त्या उरलेल्या वर्षावर तोक्योने सगळी भिस्त ठेवली. परराष्ट्रमंत्री होते तोगो शिगेनोरी. सुशिमाच्या तोगोशी यांचे काही नाते नव्हते. नोमोनहाननंतर मॉस्कोत बसून युद्धविराम घडवून आणणारा हा कसलेला मुत्सद्दी. युद्ध सन्मानाने थांबविण्यासाठी सोव्हिएत संघाने मध्यस्थी करावी, अशी कल्पना पुढे आली. जूनमध्ये माजी पंतप्रधान हिरोता कोकी यांनी तोक्योतील सोव्हिएत राजदूत याकोव मालिक यांच्याकडे खेपा घातल्या; मालिक यांनी ऐकून घेतले आणि वेळ काढला. जुलैत तोगो यांनी सातोंना तार पाठविली : सम्राटाची इच्छा म्हणून राजपुत्र कोनोए फुमिमारो यांना विशेष दूत म्हणून मॉस्कोला पाठवायचे आहे, परवानगी मिळवा.

सातो यांनी मंत्र्यांना पाठविलेली उत्तरे राजनैतिक इतिहासात अपवादात्मक म्हणावी लागतील. कनिष्ठाने वरिष्ठाला इतक्या स्पष्ट शब्दांत क्वचितच लिहिले असेल. ठोस अटी न सांगता नुसता दूत पाठवून काही निष्पन्न होणार नाही. येथील सरकार सुंदर शब्दांना भुलणारे नाही. राजसंस्था टिकविण्यापलीकडे दुसरी अट न घालता शरणागती पत्करणे हाच मार्ग आहे, असा त्यांचा रोख होता. तोगोंना हे कळत नव्हते असे नाही. परंतु लष्कराला पटेल अशी एकही अट तोक्योला लिहून देता येत नव्हती. या तारा अमेरिकेचे गुप्तलिपितज्ज्ञ त्याच वेळी वाचत होते, आणि पोट्सडॅम येथे स्टालिननेच ट्रूमनला जपानच्या विनंतीची हकीकत सांगितली. एका दारावर थाप मारणाऱ्याला हे ठाऊक नव्हते, की आत त्याच्याच घराची वाटणी चालली आहे.

६ ऑगस्टला हिरोशिमा बेचिराख झाले. मोलोतोवच्या भेटीसाठी तिष्ठत असलेल्या सातोंना ८ तारखेला सायंकाळी पाच वाजता बोलावणे आले. कोनोएंच्या भेटीचे उत्तर मिळेल या अपेक्षेने ते गेले. त्यांच्यापुढे युद्धघोषणा वाचून दाखविण्यात आली : ९ ऑगस्टपासून युद्ध. मॉस्कोत संध्याकाळ होती, पण अतिपूर्वेत मध्यरात्र होण्यास जेमतेम तास उरला होता. सातोंनी तोक्योला पाठविलेली तार पोहोचलीच नाही. जपान सरकारला ही वार्ता कळली ती मॉस्को आकाशवाणीवरून.

येथे दोन्ही बाजू न्यायबुद्धीने पाहिल्या पाहिजेत. करार चालू असताना सोव्हिएत संघाने आक्रमण केले, हे निर्विवाद. १९१८ ची सैबेरिया आणि १९४१ ची 'कवायत' ध्यानात घेता जपानला विश्वासघाताची तक्रार करण्याचा नैतिक अधिकार कितपत, हा प्रश्नही तितकाच खरा. परंतु त्या आठवड्यांची किंमत मुत्सद्द्यांनी फारशी चुकविली नाही. ती चुकविली मांचुरियातील शेतकरी वसाहतवाल्यांनी, सैनिकांनी आणि बेटांवरच्या कोळ्यांनी. जपानने १५ ऑगस्टला शरणागती जाहीर केल्यानंतर सोव्हिएत फौजा कुरील मालेवर उतरू लागल्या. २८ ऑगस्टला एतोरोफु, आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कुनाशिरी, शिकोतान आणि हाबोमाइ बेटे त्यांच्या ताब्यात गेली. २ सप्टेंबरच्या भाषणात स्टालिनने, जुन्या पिढीची माणसे १९०४-०५ च्या पराभवाची भरपाई होण्याची चाळीस वर्षे वाट पाहत होती, असे सांगितले. झारच्या पराभवाचे उट्टे काढल्याचे समाधान क्रांतीच्या वारसाने व्यक्त करावे, यात पेकिंगच्या कराराला जोडलेल्या त्या पुस्तीचे विस्मरण पुरेपूर होते.

त्या चार ठिकाणी सुमारे सतरा हजार जपानी रहिवासी होते. पुढील तीन-चार वर्षांत सर्वांना तेथून हलविण्यात आले. याहून भयंकर गोष्ट कैद्यांची. मांचुरिया आणि इतरत्र शरण आलेले सुमारे पावणेसहा लाख जपानी सैबेरियात आणि सोव्हिएत संघाच्या अन्य भागांत श्रमछावण्यांत नेण्यात आले. लोहमार्ग, खाणी, लाकूडतोड ही कामे. पहिल्या हिवाळ्यात अन्न नाही, वस्त्र नाही. जपान सरकारच्या अंदाजाप्रमाणे पंचावन्न हजार माणसे परतली नाहीत. मायझुरु बंदरात परतणाऱ्यांची जहाजे लागत. तेथील स्मृतिसंग्रहालयात भूर्जसालीवर लिहिलेली एका कैद्याची रोजनिशी जपून ठेवली आहे : काजळी पाण्यात कालवून केलेली शाई आणि पत्र्याच्या डब्याचा तुकडा कापून केलेले टाक. भूर्जपत्राचा हा उपयोग आपल्या पोथ्यांना परिचित आहे, पण तो अशा कारणासाठी व्हावा असे कोणालाही वाटणार नाही. २०१५ मध्ये युनेस्कोने या संग्रहाची जागतिक स्मृतिनोंदीत दखल घेतली.

सप्टेंबर १९५१ मध्ये सान फ्रान्सिस्को येथे शांततेचा तह झाला. भारताने त्या परिषदेत भाग घेतला नाही. त्याने ९ जून १९५२ रोजी जपानशी स्वतंत्र तह केला आणि नुकसानभरपाईचा हक्क सोडला. सोव्हिएत प्रतिनिधी ग्रोमिको परिषदेस आले, पण सही न करता गेले. या तहात जपानने कुरील बेटांवरील हक्क सोडला. मात्र कोणाच्या नावे सोडला हे लिहिले नाही, आणि 'कुरील' म्हणजे कोणती बेटे हेही लिहिले नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात जपानी परराष्ट्र खात्याच्या अधिकाऱ्याने संसदेत सांगितले, की कुनाशिरी आणि एतोरोफु त्यांत येतात. १९५६ च्या फेब्रुवारीत सरकारने सांगितले, की येत नाहीत. सोयीप्रमाणे बदललेला हा अर्थ जपानच्या बाजूचे लेखक सहसा हळू आवाजात सांगतात.

संबंध पुन्हा जोडण्याचे काम अंगावर घेतले ते हातोयामा इचिरो यांनी. हे पुराणमतवादी पक्षाचे. १९५१ मध्ये पक्षाघाताने शरीराची एक बाजू दुबळी झालेली. प्रतिस्पर्धी योशिदा शिगेरु यांना मागे सारून डिसेंबर १९५४ मध्ये पंतप्रधान झालेले. तोक्योत त्या वेळी सोव्हिएत संघाचे एक कार्यालय मान्यतेविना नुसतेच उरले होते. त्याचे प्रमुख दोमनित्स्की यांच्याकडील पत्र परराष्ट्र खाते स्वीकारीना. तेव्हा जानेवारी १९५५ मध्ये ते गृहस्थ थेट हातोयामांच्या घरी गेले. पत्रावर ना तारीख, ना सही. हातोयामांनी ते घेतले. शिष्टाचाराचा आग्रह धरला असता तर पुढचे काहीच घडले नसते.

जूनमध्ये लंडनला बोलणी सुरू झाली. जपानतर्फे मात्सुमोतो शुनिची. सोव्हिएत पक्षातर्फे १९४५ च्या उन्हाळ्यात हिरोतांना टोलविणारे तेच याकोव मालिक. ऑगस्टमध्ये मालिक यांनी अनौपचारिक गप्पांत सुचविले, की हाबोमाइ आणि शिकोतान देता येतील. मात्सुमोतोंना वाटले, तिढा सुटला. परंतु तोक्योहून उलट कळविण्यात आले : कुनाशिरी आणि एतोरोफुही हवेत. नोव्हेंबरात दोन पुराणमतवादी पक्ष एकत्र आले, योशिदा गट सत्ताधारी पक्षातच शिरला आणि हातोयामांचे हात आणखी बांधले गेले. मार्च १९५६ मध्ये लंडनची बोलणी फिसकटली.

आता मासळी पुन्हा रंगमंचावर येते. बोलणी फिसकटताच मॉस्कोने वायव्य पॅसिफिकच्या विस्तीर्ण भागात सामन मासेमारीवर निर्बंध जाहीर केले. हंगाम तोंडावर आलेला. होक्काइदोची बंदरे हवालदिल. शेती व मत्स्य खात्याचे मंत्री कोनो इचिरो धावत मॉस्कोला गेले, पंतप्रधान बुल्गानिन यांना भेटले आणि १४ मे रोजी मासेमारीचा करार करून आले. अट अशी, की तो अमलात यायचा तर राजनैतिक संबंधांची बोलणी पुन्हा सुरू झाली पाहिजेत. बुल्गानिन यांच्या भेटीत कोनोंनी आपला दुभाषी नेला नव्हता, म्हणून आत काय ठरले याविषयी संशय घेतला गेला. तो अनाठायी म्हणता येणार नाही. पण नौका समुद्रात गेल्या, हेही नाकारता येणार नाही.

जुलैत परराष्ट्रमंत्री शिगेमित्सु मामोरु मॉस्कोला गेले. हा मनुष्य म्हणजे या संबंधांचा चालताबोलता इतिहास. १९३२ मध्ये शांघायला बाँबस्फोटात एक पाय गमावलेला. १९३८ मध्ये सीमेवरील चकमकीच्या वेळी मॉस्कोत राजदूत. १९४५ मध्ये मिसुरी युद्धनौकेवर लाकडी पायाने चढून शरणागतीवर सही करणारा. आणि सोव्हिएत पक्षाच्या आग्रहामुळे युद्धगुन्हेगार म्हणून खटला चालून शिक्षा भोगलेला. ताठर भूमिका घेऊन गेलेले शिगेमित्सु मॉस्कोत एकाएकी नमले आणि दोन बेटांवर तडजोड करावी असे त्यांनी कळविले. मंत्रिमंडळाने नकार दिला. तेथून ते सुएझच्या परिषदेसाठी लंडनला गेले. तेथे १९ ऑगस्टला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी त्यांना बजावले, की कुरील बेटांवर सोव्हिएत स्वामित्व मान्य केलेत तर ओकिनावा कायम ठेवून घेण्याचा हक्क अमेरिकेला प्राप्त होईल. तडजोड झाली असती तर जपान शीतयुद्धात थोडा सैल झाला असता, आणि ते अमेरिकेला नको होते. एका कोळ्याच्या वस्तीचा प्रश्न दोन महासत्तांच्या जात्यात सापडला तो येथे.

मग हातोयामांनी निराळा मार्ग धरला. सप्टेंबर १९५५ मध्ये जर्मनीचे आडेनाउअर मॉस्कोला जाऊन, सीमेचा प्रश्न तसाच ठेवून, संबंध जोडून आणि कैदी सोडवून आले होते. तसेच करावयाचे. जमीन मागे ठेवायची, माणसे आधी आणायची. ऑक्टोबरात काठीच्या आणि माणसांच्या आधाराने चालणारे हातोयामा स्वतः मॉस्कोला गेले. घासाघीस कोनो आणि ख्रुश्चेव यांच्यात झाली. मसुद्यात बोलणी 'प्रादेशिक प्रश्नासह' पुढे चालतील असे शब्द होते. ते ख्रुश्चेव यांनी शेवटच्या क्षणी काढून टाकावयास लावले. १९ ऑक्टोबर १९५६ रोजी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या झाल्या. युद्धस्थिती समाप्त, वकिलाती सुरू, सोव्हिएत संघाने भरपाईचा हक्क सोडला, उरलेले सर्व कैदी सोडायचे, संयुक्त राष्ट्रसंघातील जपानच्या प्रवेशाला, ज्याला मॉस्कोने आधी नकाराधिकाराने अडविले होते, आता पाठिंबा, मासेमारीचा करार अमलात, आणि शांततेचा तह झाल्यावर हाबोमाइ व शिकोतान जपानच्या हवाली. चार दिवसांनी बुडापेस्टला उठाव सुरू झाला. सह्या आठवडाभर लांबत्या तर हा जाहीरनामा झाला असता की नाही, याची शंकाच आहे.

मायदेशी हातोयामांवर टीकेची झोड उठली. बेटे विकली असे म्हटले गेले, संसदेत योशिदा गटाचे अनेक सदस्य मतदानाला गैरहजर राहिले. परंतु हिशेब मांडला तर काय दिसते? १२ डिसेंबरला जाहीरनामा अमलात आला. १८ डिसेंबरला जपान संयुक्त राष्ट्रसंघाचा सदस्य झाला. स्वीकाराचे भाषण शिगेमित्सुंनी केले आणि पुढच्या महिन्यात ते वारले. २६ डिसेंबरला कोआन मारु हे जहाज १,०२५ माणसे घेऊन मायझुरुला लागले. अकरा वर्षे चार महिन्यांनंतर. राजपुत्र कोनोए यांचा मुलगा फुमिताका मात्र त्यांत नव्हता. ज्या कोनोएंना १९४५ च्या जुलैत मॉस्कोने येऊ दिले नाही, त्यांनी त्याच वर्षी डिसेंबरात विष घेतले होते. त्यांचा हा थोरला मुलगा मांचुरियात पकडला जाऊन अकरा वर्षे सोव्हिएत कैदेत राहिला, आणि सह्यांनंतर अवघ्या दहा दिवसांनी, २९ ऑक्टोबर १९५६ रोजी, इवानोवोजवळच्या छावणीत मरण पावला. बोलणी मार्चमध्ये फिसकटली नसती तर, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. हातोयामांनी बेटे मागे ठेवली म्हणून त्यांना दुबळे म्हणणाऱ्यांनी त्या १,०२५ जणांच्या घरी जाऊन तसे म्हणून पाहावयास हवे होते.

त्यानंतरचा मोठा राजकीय इतिहास भराभर सांगता येतो, कारण तो बहुतांशी एका जागी उभा आहे. १९६० मध्ये जपान-अमेरिका सुरक्षा कराराचे नूतनीकरण होताच ग्रोमिको यांनी, जपानमधून परकी सैन्य गेल्याखेरीज दोन बेटे मिळणार नाहीत, अशी नवी अट घातली. १९७३ मध्ये पंतप्रधान तानाका मॉस्कोला गेले. निवेदनात 'अनिर्णित प्रश्न' एवढाच शब्द आला आणि त्याचा अर्थ दोघांनी दोन तऱ्हेने लावला. १९७६ मध्ये एक सोव्हिएत वैमानिक मिग-२५ घेऊन हाकोदातेला उतरला. १९७८ मध्ये जपानने चीनशी तह केला, त्यातील वर्चस्वविरोधी कलम मॉस्कोला झोंबले आणि बेटांवर पुन्हा फौज आली. १९९१ च्या एप्रिलमध्ये गोर्बाचेव तोक्योला आले आणि त्यांच्या संयुक्त निवेदनात चारही बेटांची नावे प्रथमच लिहिली गेली. आठ महिन्यांत त्यांचा देशच उरला नाही. १९९३ मध्ये येल्त्सिन यांनी कैद्यांच्या छळाबद्दल क्षमा मागितली. २००१ मध्ये इर्कुत्स्क येथे आणि २०१८ मध्ये सिंगापूर येथे दोन्ही पक्ष पुन्हा १९५६ च्याच जाहीरनाम्यापाशी येऊन थांबले.

परंतु याच काळात दुसरा एक इतिहास खालच्या अंगाने चालू होता. नोसाप्पु हे होक्काइदोचे पूर्वेकडील टोक. तेथून अवघ्या ३.७ किलोमीटरवर कायगारा नावाचा खडक आहे. तो सोव्हिएत, आता रशियन, ताब्यात. त्याच्याभोवती कोंबु ही समुद्रवनस्पती विपुल मिळते. जपानी स्वयंपाकात रश्शाला चव येते ती हिच्यामुळे. युद्धानंतरच्या दशकांत सीमा ओलांडल्याच्या आरोपावरून हजाराहून अधिक जपानी नौका पकडल्या गेल्या. सीमा कोणती हेच जेथे ठरलेले नाही, तेथे ती ओलांडल्याचा गुन्हा हा मोठा चमत्कारिक गुन्हा होय. १९६३ मध्ये जपानच्या मत्स्यसंस्थेने सोव्हिएत खात्याशी करार केला : शुल्क द्यायचे, ठरलेल्या हंगामात ठरलेल्या नौकांनी जायचे, कोंबु काढायचे, भूमी कोणाची याविषयी कोणी काही बोलायचे नाही. १९७७ मध्ये दोनशे मैलांच्या जलक्षेत्राचा प्रश्न आला आणि तो बंद पडला. १९८१ मध्ये पुन्हा सुरू झाला.

कबरींचेही तसेच. बेटांवरून हलविलेल्या लोकांच्या वाडवडिलांच्या समाध्या तेथेच राहिल्या होत्या. १९६४ पासून त्यांना पारपत्र आणि प्रवेशपत्राविना, साध्या ओळखपत्रावर, तेथे जाऊ देण्यात येऊ लागले. १९७६ मध्ये मॉस्कोने प्रवेशपत्राचा आग्रह धरला. प्रवेशपत्र घेणे म्हणजे ती भूमी परकी असल्याचे मान्य करणे, म्हणून जपानने भेटी थांबविल्या. १९८६ मध्ये त्या जुन्या पद्धतीने पुन्हा सुरू झाल्या. मेलेल्यांना भेटण्यासाठी दहा वर्षे एका कागदावाचून अडून राहावे, हे सार्वभौमत्वाच्या तत्त्वाला धरून असेलही. पण त्या दहा वर्षांत किती म्हातारी माणसे ती भेट न घेताच गेली असतील! गोर्बाचेव यांच्या भेटीनंतर १९९२ पासून बेटांवरचे आजचे रशियन रहिवासी आणि पूर्वीचे जपानी रहिवासी यांचे परस्परांकडे जाणेयेणे सुरू झाले. बेटांवर जन्मलेल्या रशियनांची दुसरी-तिसरी पिढी तोवर नांदत होती. विस्थापिताला आपल्या गावी परक्याची मुले खेळताना दिसावीत आणि त्यांनी त्याला चहा द्यावा, असे प्रसंग कुठल्याही जाहीरनाम्याच्या कलमात बसणारे नाहीत.

२०२० मध्ये साथीमुळे या भेटी थांबल्या. युक्रेनवरील आक्रमणानंतर जपानने निर्बंध लादले, तेव्हा मार्च २०२२ मध्ये रशियाने शांततेच्या तहाची बोलणी स्थगित केली आणि सप्टेंबरात परस्परभेटींचा करार रद्द केला. तेव्हापासून पूर्वीचे रहिवासी नेमुरो बंदरातून एका जहाजात बसून बेटे दिसतील इतक्या अंतरापर्यंत जातात. जहाज मध्यरेषेच्या अलीकडे थांबते. ती वयस्क माणसे डेकवर फुले ठेवून, समोर दिसणाऱ्या किनाऱ्याकडे तोंड करून हात जोडतात आणि जहाज परत फिरते.